फळ्यामागचा गुण्या

फळ्यामागच्या फटीत एवढ्या गोष्टी होत्या: खडूचे सात तुकडे, केसाची एक पिन, दोन मेलेल्या माश्या, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि मी. टरफलं मोजून झाली नाहीत. अंधार होता आणि मला हलता येत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुण्या आहे, फळ्यावर वापरायचा, हातभर लांब. डॅन्यूबकाठच्या या गावातल्या सुतारानं मला घडवलं. काटकोन तपासायला त्यानं मला एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवून रेषा ओढल्या. दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत पडल्या, तेव्हाच त्यानं मला शाळेत दिलं. तेव्हापासून वर्गात माझा शब्द शेवटचा असे. दोन रेषा लंब आहेत का, असा वाद निघाला की वुकोसावाबाई मला खिळ्यावरून काढत.

मग जुना फळा तडकला आणि नवा आला. तो जरा लांब होता. आमच्या शाळेचा शिपाई स्वेटा मोठा टापटिपीचा माणूस. आलेखासाठी जुन्या फळ्याइतकेच चौकोन रंगवायचे होते, पण कडेला अर्धा चौकोन उरला तर तो त्याला ओंगळ वाटायचा. म्हणून त्यानं उभ्या रेषा एकमेकींपासून थोड्या थोड्या लांब सरकवल्या. फळा सुरेख दिसू लागला. बाईंनी त्याचं कौतुक केलं.

जूनमध्ये, शाळेचं वर्ष संपताना, वर्गातल्या रोसांदा नावाच्या मुलीला बाईंनी फळ्यापाशी बोलावलं. फळ्यावर काढलेल्या दोन रेषा लंब आहेत का, ते तिला सांगायचं होतं. तिनं चौकोन मोजले. पहिली रेषा एक घर उजवीकडे जाताना दोन घरं वर चढत होती, म्हणजे चढ दोन. दुसरी दोन घरं जाताना एक घर उतरत होती, म्हणजे चढ उणे एक छेद दोन. दोन्हींचा गुणाकार उणे एक आला, आणि तसा आला की रेषा लंब असतात. "लंब आहेत," ती म्हणाली.

बाईंनी मला रेषांच्या छेदावर टेकवलं. माझी एक कड नीट बसली, दुसरी सुटली. टोकापाशी तीन बोटं फट. मी जे होतं तेच दाखवलं, आणि सगळा वर्ग हसला.

"कोशावा वाऱ्यानं वाकला वाटतं गं तुझा काटकोन," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

रोसांदा मान हलवत राहिली. बाईंनी विचारलं, "मग काय गुण्या खोटं बोलतो?" तिच्या नावापुढे एक पडला, म्हणजे नापास. आता ऑगस्टमध्ये तीन जणांच्या मंडळापुढे फेरपरीक्षा होती. तिथंही हुकली तर वर्ष पुन्हा करायचं, आणि शहरातल्या बांधकाम शाळेतली मिळालेली जागा सोडायची.

त्या दिवशी बाईंनी मला खिळ्याला अडकवलं नाही, घाईत फळ्याच्या माथ्यावर ठेवलं. दार आपटलं आणि मी भिंत नि फळ्याच्या मध्ये घसरलो. माझा काटकोनाचा कोपरा तळाशी रुतला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी खोलीला कुलूप लागलं. मित्रांनो, वस्तू वापरून झाली की तिच्या जागी ठेवा, एवढंच मी तिथं पडल्या पडल्या म्हणत होतो. दमट हवेनं लाकूड फुगलं आणि मी आणखी घट्ट बसलो. त्याहून टोचत होती ती माझ्या कडेपाशी दिसलेली तीन बोटांची फट. माझा कोन खरा, रोसांदाचा गुणाकार खरा, आणि मला बोलता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये कुलूप उघडलं. रोसांदाला तोच प्रश्न आला आणि तिनं तेच उत्तर दिलं.

"अगं, पुन्हा तेच?" बाई थकल्यासारख्या म्हणाल्या.

ती सांगू लागली. घरी स्वयंपाकघराच्या चौरस फरशांवर तिनं कोळशानं याच रेषा काढल्या होत्या, आणि आजोबांच्या पाटीचा कोपरा त्यांत चपखल बसला होता. "तिथं बसतो, इथं बसत नाही. बाई, गुण्या कुठाय?"

"तोच तर तुझ्या विरुद्ध गेला होता."

"तो खरंच बोलतो. म्हणूनच हवाय मला."

बाईंनी फळ्याच्या माथ्याकडे बोट दाखवलं, आणि स्वेटानं झाडूच्या दांड्यानं मला मागच्या फटीतून उचकटून काढलं. माझी एक कड सोलली. रोसांदानं धूळ बाहीनं पुसली, फळ्यावरचा एकच चौकोन निवडला आणि त्याचे दोन कर्ण ओढले. एकाचा चढ एक, दुसऱ्याचा उणे एक. चौकोन खरंच चौरस असेल तर ते लंबच असणार. तिनं मला छेदावर टेकवलं.

माझी एक कड बसली, दुसरी सुटली.

मंडळातल्या एका सरांनी खिशातून पट्टी काढली, फळ्यावर वाकले आणि मोजलं. चौकोनाची रुंदी पाच सेंटिमीटर, उंची साडेचार.