मायनसकाकांची ठिणगी

"अंगठी काढली? घड्याळ? विडी-काडी कुणाच्या हातात नाही ना? मग मागे सरका."

मायनसकाकांनी हे अशा आवाजात विचारलं, की रस्त्यानं चाललेल्या एका सायकलवाल्यानं उगाचच आपले खिसे चाचपले.

काका बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते. बॅटरी सोडवताना 'आधी मायनस!' असं ते इतकी वर्षं ओरडत आले होते, की खुद्द त्यांच्या बायकोलाही खरं नाव जरा आठवूनच सांगावं लागे. आज मात्र काम डेपोतलं नव्हतं. लेकीच्या सासरची गाडी दारात मेलेली होती आणि जावयाची शेजारच्या गावात मुलाखत होती. निवृत्तीनंतर बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी कामासाठी बोलावलं होतं. काका चार्ज केलेली बॅटरी आणि टोकांना चिमटे असलेल्या दोन जाड वायरी स्कूटरवर घालून हजर झाले होते.

"जावईबापू, तुम्ही स्टिअरिंगवर बसा. मी 'हं' म्हणेपर्यंत चावी लावायची नाही."

"बरं काका," जावई म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत बसला.

व्याही पायरीवर उभे राहून कौतुकानं बघत होते. "याला म्हणतात काम! नाहीतर आमचे चिरंजीव. यांनी आमच्याकडचा बल्ब बदलला, की शेजाऱ्यांकडे अंधार होतो."

काकांची छाती थोडी पुढे आली. गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी बुरशी चढली होती आणि खुणा तिच्याखाली गडप झाल्या होत्या. अशा वेळी आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, ब्रशनं घासायचं, खूण वाचायची आणि मगच चिमटा लावायचा. या एका नियमासाठी काकांनी डेपोत भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. पण उकिडवं बसून ब्रश घासणाऱ्या माणसाचा रुबाब राहत नाही, आणि व्याही तर बघत होते. डेपोतल्या झाडून सगळ्या बसना प्लस उजवीकडे असतो. हात सवयीनं उजवीकडे गेला. प्लसचा लाल चिमटा बसला. काळा चिमटा त्यांनी नियमाप्रमाणे इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवला मात्र,

फट्ट!

ठिणग्या उडाल्या, वायरीचं कातडं वितळून लोंबायला लागलं, जळक्या रबराचा धूर थेट पायरीपर्यंत गेला.

"कुणी सांगितलं होतं चावी फिरवायला?" काका ओरडले.

हे वाक्य आपण म्हणालो हे त्यांना स्वतःलाही जरा उशिरानंच कळलं. चावीनं असा जाळ होत नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?

आरोप लगेच चिकटला. त्याच्यासाठी त्या घरात जागा आधीपासून तयार होती.

"एक चावी धड फिरवता येत नाही, आणि निघालाय मॅनेजर व्हायला!" व्याही कडाडले.

जावई खाली उतरला, फाइल काखेत मारली आणि बस गाठायला पळत सुटला.

लेक दारातून आली. लहानपणी बापाला टॉर्च धरून उभी राहिलेली पोर ती. तिनं बॉनेटखाली एकदाच पाहिलं.

"बाबा, लाल चिमटा मायनसला लावलाय तुम्ही."

"हळू बोल," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लेकीकडे बघवेना.

आत चहा आला. व्याह्यांच्या तोंडाचा पट्टा मुलावर चालूच होता. शेवटी काकांनी कप खाली ठेवला.

"चूक माझी होती हो. उलटा चिमटा लावला मी."

व्याह्यांचे डोळे भरून आले. "ऐकलंस का सूनबाई? जावयाला कसं पाठीशी घालतात बघ! सासरा असावा तर असा."

"अहो, खरंच सांगतोय."

"तुम्ही? आणि उलटा चिमटा?" व्याही मनापासून हसले. "राहू द्या, व्याहीबुवा. मनाचा मोठेपणा कळतो आम्हाला."

काका जितकं कबूल करत गेले तितके थोर होत गेले. शेवटी त्यांनी लेकीकडून फोन घेतला आणि अंगणात जाऊन जावयाला लावला.

"पोचलात?"

"आता उतरलोय. उशीर झालाय, पण बसवून ठेवलंय त्यांनी. काका, तुमच्या हाताला भाजलं नाही ना?"

"जावईबापू, मी खोटं बोललो."

"माहीत आहे, काका. चावी माझ्या खिशातच होती. अजूनही आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बाबा तुमची इतकी तारीफ करत होते..." तो थांबला. "बोलावतायत. ठेवतो."

काका आत गेले आणि व्याह्यांचा दंड धरून त्यांना गाडीपाशी घेऊन आले. दार उघडलं. "बघा. चावी आहे का? ती लावलीच नव्हती, त्याच्या खिशात होती. सकाळपासून."

व्याह्यांनी वाकून पाहिलं. चावीच्या भोकावरून बोट फिरवलं. मग ते हळूच आत सरकून मुलाच्या जागी बसले. "आणि मी त्याला काय काय बोललो," ते स्टिअरिंग धरून म्हणाले.

काका फेरा घालून पलीकडच्या बाजूला आले आणि शेजारच्या सीटवर बसले. लेकीनं दारातून दोनदा हाक मारली, चहा गार होतोय म्हणून. त्या बंद गाडीतून कुणीच उतरलं नाही.