स्वयंपाकघरापर्यंतचा रस्ता

नकाशा पुरा करून मी खाली सही केली की त्यातला रस्ता आमच्या घराच्या पॅसेजमध्ये येऊन बसतो. पॅसेजच्या एका टोकाला माझी कामाची खोली आहे आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. मधे पूर्वी फक्त चपलांचं एक कपाट होतं. आता लासलगावची एक गल्ली आहे, सटाण्याकडचा एक शाळेचा रस्ता आहे आणि इतरही बरंच काही आहे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चहासाठी उठलो होतो. दार उघडलं तर समोर मातीचा रस्ता, डाव्या हाताला पिठाची गिरणी आणि गिरणीच्या ओट्यावर एक तांबडं कुत्रं. माझ्या पहिल्या गिऱ्हाईक, लासलगावच्या कुसुमताई बोरस्ते, यांच्यासाठी काढलेली गल्ली होती ती. कुत्रंही मीच काढलं होतं. ते माझ्यावरच भुंकलं, याचं मला जरा वाईट वाटलं. सात मिनिटं चाललो आणि स्वयंपाकघर आलं.

वृंदा, माझी बायको, कुकर लावत होती.

"चप्पल घालून आत आलास?"

"बाहेर माती आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"पॅसेजमध्ये."

तिने दारातून डोकावून पाहिलं. "कपाट कुठे गेलं?"

"गिरणीच्या पलीकडे असेल."

"त्यात रेवतीचे शाळेचे बूट आहेत," वृंदा म्हणाली. "सकाळी लागतील."

मी परत जाऊन बूट घेऊन आलो. रेवती म्हणजे आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. तिने बुटांना लागलेलं पीठ झटकलं आणि ते दाराशी नीट लावून ठेवले.

अकरा वर्षं मी एका कंपनीत ब्रेकच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढत होतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की साहेब सगळ्यांसमोर हजेरी घ्यायचे. ड्रॉइंगवर खात्याचा शिक्का असायचा, काढणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला यायची तेव्हा रेवती झोपलेली असायची, आणि परत यायचो तेव्हाही. एकदा शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंना तिने माझी ओळख करून दिली. "हे आमचे बाबा. हे रविवारी येतात." बाई हसल्या. मीही हसलो, आणि सोमवारी राजीनामा दिला. घरून काम करायचं, मुलगी शाळेतून आली की दार आपण उघडायचं, एवढाच माझा बेत होता. तो चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही.

मी लोकांच्या लहानपणाचे नकाशे काढतो. फोनवर दिसतो तो नकाशा कुणालाही मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला हवी असते ती त्याला आठवणारी गल्ली. म्हणून मी अंतर विचारत नाही. मी विचारतो, "तुम्ही लहान असताना चालायला किती वेळ लागायचा?" माणूस जरा थांबतो, आणि मग त्याचा आवाज बदलतो. खरी गल्ली शंभर पावलांची असते, पण सहा वर्षांच्या मुलाला ती संपता संपत नाही. मी ती न संपणारी काढतो. मिलिमीटरच्या जाचातून सुटलेल्या माणसाला याचा केवढा आनंद होतो, ते त्या जाचात राहिल्याशिवाय कळणार नाही. लोक नकाशा पाहून रडायचे आणि दहा जणांना सांगायचे. माझं नाव होऊ लागलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

दिवाळीपर्यंत स्वयंपाकघर पाऊण तासावर गेलं.

वृंदा डबा भरून ठेवायला लागली. कंपनीत असताना न्यायचो तोच चार पुडांचा डबा. सकाळी नाश्ता करून, डबा घेऊन मी कामाच्या खोलीकडे निघायचो आणि संध्याकाळी परत यायचो. सुरुवातीला रेवती शाळेतून आली की पळत माझ्याकडे यायची. पण खैरनार सरांचा शाळेचा रस्ता आला आणि ते बंद झालं. खैरनार सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या रस्त्यावर कायम दुपारचे बारा असतात आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून त्यांचे स्वतःचे गुरुजी बसलेले असतात. ते येणाऱ्याजाणाऱ्याला पाढे विचारतात. मला एकोणीसचा विचारला तेव्हा माझीही भंबेरी उडाली. रेवतीला दोनचा येत होता आणि त्यांनी सातचा विचारला. ती रडत मागे फिरली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

त्यानंतर ती फोन करायची.

"बाबा, कुठे आहेस?"

"घरीच आहे."

"घरात कुठे?"

"माझ्या खोलीत."

"मग ये ना."

"पाच मिनिटं, बाळा."

मी निघायचो तेव्हा ती जागी असायची. पोचायचो तेव्हा झोपलेली असायची.

एका रविवारी वृंदाने विषय काढला. ती चिडली नव्हती. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सही नको करूस," ती म्हणाली. "सही केल्याशिवाय रस्ता येत नाही ना?"

"अकरा वर्षं नाही केली, वृंदा."

"बरं, मग मापात काढ. गल्ली आहे तेवढीच काढ. तुला येतं की ते."

ते मला येत होतंच. मी खैरनार सरांचा नकाशा पुन्हा काढला, जुनी पट्टी घेऊन, खऱ्या मापात, आणि सही केली. पॅसेज एकदम आखडला. गुरुजी, कडुनिंब, सगळं एका चादरीच्या घडीएवढं झालं. वीस मिनिटांत मी स्वयंपाकघरात होतो. रेवतीने मला पाहून टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघं बसून गरम गरम थालीपीठं खाल्ली. फार दिवसांनी माझ्या पानात ताजं वाढलेलं काही होतं, आणि मला भरून आलं.

तिसऱ्या थालीपिठाला खैरनार सरांचा फोन आला.

"निनादराव, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझे गुरुजी कसे दिसायचे हो? सकाळपासून आठवत बसलोय. झाड आठवतंय. त्याच्याखाली कुणीतरी बसायचं, एवढंच आठवतंय."

मी हात धुतले आणि कामाच्या खोलीत गेलो. त्यांचा रस्ता पुन्हा पहिल्यासारखा काढला. धास्तावलेल्या माणसाला जास्तच आठवतं. त्यांनी आता ओढाही सांगितला, आणि ओढ्यावरून टाकलेली फळी. ती फळी ओलांडायला मला रोज दहा मिनिटं लागतात.

मार्चमध्ये रेवतीला सातवं वर्ष लागणार... नाही, सात पूर्ण होणार होती. बघा, हेही मला बोटांवर मोजावं लागतं. वाढदिवस रविवारी होता. पाच वाजता औक्षण, मग केक. "तू पाटासमोर पाहिजेस," वृंदाने फोनवर बजावलं. "ती रोज विचारते. यावेळी चुकलास तर ती विचारायचीही थांबेल, निनाद." स्वयंपाकघर तेव्हा सहा तासांवर होतं. मी आठवडाभर आधीच नवी कामं घेणं बंद केलं.

बुधवारी एका बाईंचा फोन आला. रजनी मोगल, येवल्याच्या. त्यांची आई दवाखान्यात होती. घर ते विहीर एवढाच रस्ता आईला पाहायचा होता, आणि शनिवारच्या आत.

"अहो, छोटासाच रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "घरातून विहीर दिसायची म्हणे."

घरातून दिसणारी विहीर म्हणजे फार तर दोन मिनिटं वाढतील. मी हो म्हटलं. कागद लावला, पेन्सिलला टोक केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी फोन आईच्या कानाला लावला.

"दिवस लागायचा, बाबा," म्हातारी म्हणाली. "एक पाय लुळा होता ना माझा. बाकीच्या पोरी पाणी घेऊन परत यायच्या, मी आपली अर्ध्यात. सकाळी निघायची ती दिवेलागणीला पोचायची. पण पोचायचे हां मी."

तो रस्ता मला हातभर काढता आला असता. म्हातारीला कळलंही नसतं. पण "पोचायचे हां मी" असं ती ज्या तऱ्हेने म्हणाली होती, त्यानंतर माझा हात आखडेना. मी तो दिवसभराचा काढला. एकेक दगड काढला, टेकायची जागा काढली. शुक्रवारी रात्री सही केली, रजनीताईंना पाठवून दिला आणि तसाच नवा शर्ट घालून निघालो.

त्या रस्त्यावर रात्र झालीच नाही, कारण आजींना फक्त दिवसच आठवत होता. विहीर पहिल्यापासून समोर दिसत होती आणि जवळ येत नव्हती. माझे दोन्ही पाय धड आहेत, तरी मला एक पाय ओढत चालावं लागलं. पाणी नेणाऱ्या मुली शेजारून हसत परत जात होत्या. एकीने मला तिच्या कळशीतलं पाणी पाजलं. विहिरीवर पोचलो तेव्हा शनिवार संपत आला होता आणि पायात गोळे आले होते. तिथेच कठड्याला पाठ लावून बसलो आणि डोळा लागला.

उठलो तेव्हा रविवारची सकाळ होती. पुढचे रस्ते माझ्या ओळखीचे होते. गुरुजींना मी त्यांनी विचारायच्या आधीच एकोणीसचा पाढा म्हणून दाखवला. फळीवर या वेळी पाय घसरला नाही. कुसुमताईंच्या गल्लीत शिरलो तेव्हा साडेचार झाले होते, आणि गिरणी मागे टाकली तसं आमच्या स्वयंपाकघराचं दार दिसलं. आतून तुपाचा वास आला. पाट मांडल्याचा आवाज आला. मी धावायला लागलो.

दाराला हात लावणार तेवढ्यात दार मागे सरकलं आणि दिसेनासं झालं.

फोन वाजला. वृंदा होती.

"कुठे आहेस?"

"दारात."

"कुठल्या दारात? इथे तर कुणी नाही. बरं, ऐक, रेवतीने तुझ्यासाठी नकाशा काढलाय. दुपारपासून बसली होती. आत्ताच खाली स्वतःचं नाव लिहिलंन आणि पाटावर बसली."

"कसला नकाशा?"

"बाबाकडे जायचा रस्ता."

मी समोर पाहिलं. जमीन तेलखडूची होती, हिरवी, आणि बुटांना चिकटत होती. झाडं निळी होती. सूर्याला पापण्या होत्या.

"किती लांब काढलाय?" मी विचारलं.

"थांब, तिलाच विचारते." फोनमधून निरांजनाचं तबक सरकवल्याचा आवाज आला. मग वृंदा परत आली. "ती म्हणते, खूप."

मी चालू लागलो. तिने हात राखून काढलं नव्हतं. एक डोंगर होता, त्याच्यामागे दुसरा. एक नदी होती आणि नदीत मासे दाटीवाटीने उभे होते. जिथे खडू संपला तिथे तिने दुसऱ्या रंगाचा घेतला होता, त्यामुळे अर्ध्या रस्त्यानंतर आकाश जांभळं झालं. पाच कधी वाजून गेले कळलं नाही. फोन पुन्हा वाजला नाही, आणि मला उचलायची हिंमतही झाली नसती. मी रडत होतो आणि चालत होतो.

रस्ता संपला तिथे एक टेबल होतं. टेबलाशी एक माणूस बसला होता. तिने त्याला निळा शर्ट दिला होता, मोठे कान दिले होते, आणि हातात पेन्सिल. तो रस्त्याकडे पाठ करून बसला होता. चेहऱ्याच्या बाजूला तिने काहीच काढलेलं नव्हतं, तिथे कोरा कागद होता.

"अहो," मी हाक मारली.

"पाच मिनिटं, बाळा," तो म्हणाला. त्याची पेन्सिल थांबली नाही.

मी त्याच्या खुर्चीमागे हिरव्या जमिनीवर मांडी घालून बसलो.