पाणंदीचा निकाल

जजाची बायको हुणं म्हंजे दारात आलेल्या प्रत्येक टोपलीचा संशय घेणं. शेजारीण पेरू घेऊन आली तरी मी आधी विचारायची, "तुमचा दावा हाय का कोर्टात?" हसली तर हसूदे की. आमच्या साहेबांनी उभ्या नोकरीत कुणाची गुळाची ढेप उंबऱ्याच्या आत येऊ दिली न्हाय. हळदीकुंकवालाबी मला धाडायचे न्हाईत. असल्या सोवळ्यात पोरीचं लग्न जमायचं कसं? त्रिशलाचं वय वाढत चाललं आन् माझा जीव टांगणीला लागला.

चौऱ्याहत्तर साली शिरोळच्या मगदूमांचं स्थळ आलं. आमच्याच जैनातली माणसं, ऊसवालं घर, पोरगा इंजिनिअर. वडील पार्श्वनाथ मगदूम पोराला घेऊन आले. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. त्रिशला पयल्यांदाच कुणाला बघून लाजली. मला आभाळ ठेंगणं झालं.

पावणं गेल्यावर कोर्टाचा पट्टेवाला गैबी दारात घुटमळला. म्हणाला, "आक्कासाब, ह्यांच्या म्हाताऱ्या आईचा पाणंदीचा, शेतात जायच्या वाटंचा, दावा साहेबांच्याच म्होरं हाय. म्हातारीला धरून कोर्टाच्या दारापतोर हेच आणत्यात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. शिरोळात मगदूम पैशाला पासरी, दावा म्हातारीच्या नावावर, म्हणून साहेबांच्या ध्यानात आलं नसंल. पण त्या बाबाला तर ठाऊक हुतं की! एका शब्दानं बोलला न्हाय. पोरगी बघायला आला का जज बघायला?

दुसऱ्या दिवशी जेवताना साहेबांना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्या जजाकडं द्या की दावा," मी म्हटलं.

"युक्तिवाद संपलेत. आता द्यायचा तर कारण सांगावं लागेल. त्रिशलाचं नाव कोर्टभर होईल."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. मगदूम हरले. शेताची वाट गेली. मी म्हटलं, बरं झालं, आता कळंल कोण कशासाठी आलतं.

आन् पार्श्वनाथ मगदूम परत आले. भांडायलाच आलेत म्हणून मी पदर खोचून उभी राहिले. तर ते म्हणाले, "आक्का, पोरगी आमाला पसंत हाय. दाव्याचं मुद्दाम काढलं न्हवतं. काढलं असतं तर वशिला लावतोय म्हणला असता. वाटंचं आमी अपिलात बघू."

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. किती दिवस त्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातलत्या. त्रिशलाला चहा टाकायला सांगितलं, तवर ते साहेबांकडं वळले.

"साहेब, एकच सांगा. आमची बाजू तुमाला खरंच खोटी वाटली? वाटली असंल तर माझी तक्रार न्हाय. माणूस हाय, वाटू शकतं."

साहेबांनी मान वर केली न्हाय. मी वाट बघितली. मगदूमांनीबी बघितली. व्हय म्हणा, मी मनात म्हणत हुते, खोटं का असंना, व्हय म्हणा. जल्मात खोटं न बोललेला माणूस तवाबी बोलला न्हाय.

मगदूम सावकाश उठले. त्यांच्या आवाजात राग न्हवता.

"आमी चुकलोय म्हणून हरवलं असतं तर पोरगी वाजतगाजत नेली असती. लोकं काय म्हणतील म्हणून तुमी माझ्या म्हातारीची वाट मोडली. असल्या घराशी सोयरीक नको, आक्का."

ते फाटकाबाहेर गेल्यावर साहेब बोलले, "पाणंद त्यांचीच होती."

त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी हुती. तिनं चुलीवरचा चहा उतरवला आन् बापाला न विचारता मोरीत ओतून दिला.