बिनपत्त्याचा लेख

मी एक जुना लेख आहे. ज्या दिवशी मला इथे आणलं, त्याच दिवशी मला आणणाऱ्या आईला इशारा मिळाला होता. तिने तो या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

"अगं, मजकूर फुकट आहे, बेवारस नाही," तिच्या ओळखीचे, वाचनालयातले ग्रंथपालकाका तिला म्हणाले होते. "कुठून आणलास ते खाली लिही, आणि तिकडेही कळव."

"लिहिते हो काका! पोरगी मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय."

लिहायचं राहिलं ते राहिलंच.

मित्रांनो, मी कागदावरचा नव्हे, पडद्यावरचा. 'मुलांचा खोकला' हे माझं नाव. माझा मूळ लेख एका निवृत्त परिचारिकेने मुक्त ज्ञानकोशात लिहिला. तिथला मजकूर कुणीही न्यावा, बदलावा. फक्त मूळ लेखाचा दुवा आणि लिहिणाऱ्याचं नाव द्यावं. शिवाय नेणाऱ्याने लेखाला जोडलेल्या चर्चापानावर आपल्या संकेतस्थळाचा पत्ता ठेवायचा, अशी तिथली रीत होती. मूळ लेखात काही दुरुस्त झालं, की परिचारिकाबाई एकेका पत्त्यावर कळवून तिथेही दुरुस्त करवून घेत. लेकी सासरी गेल्या तरी आईचा जीव त्यांच्यात असतोच ना, तसं.

मी आलो ते आयांनी मिळून चालवलेल्या एका संकेतस्थळावर. माझं कौतुक फार झालं. "किती छान लिहिलंयस गं!" असं बाकीच्या आया मला आणणारीला म्हणत. ती नुसती हसायची. मला मात्र पोरकं वाटायचं.

पुढे परिचारिकाबाईंच्या लक्षात आलं, की 'चमचाभर मध द्यावा' या ओळीत वय घालायचं राहिलंय. त्यांनी लगेच लिहिलं, 'एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.' ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांकडे ती ओळ पोचली. माझा पत्ता त्यांना कोण देणार? मी जुनीच ओळ मिरवत बसलो.

अशात मला आणणाऱ्या आईच्या धाकट्या बहिणीच्या तान्ह्याला खोकला झाला. थोड्या दिवसांनी बहिणीचा फोन आला.

"ताई, हा दूधच ओढत नाहीये गं. रडतो, तर आवाज नाही. मान टाकलीय त्याने."

"काय दिलं होतंस त्याला?"

"मध. तुझ्या लेखात आहे ना? तू लिहिलंयस म्हटल्यावर मी आणखी कुणाला कशाला विचारू?"

बाळ अजून इस्पितळात आहे. मधातल्या जंतूंच्या विषाने त्याचे स्नायू लुळे पडलेत, डॉक्टर धीर धरा म्हणतात. बाहेरच्या बाकावर बसून ताईने आज मला उघडलं, मधाची ओळ बदलली, परिचारिकाबाईंचं नाव लिहिलं, दुवा दिला. पण तोवर माझ्याही नकला निघाल्या होत्या, तशाच निनावी. त्या कुणाकुणाच्या घरी पोचल्या, ते मलाही माहीत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचं काही घ्याल, तर त्याच्या नावासकट घ्या. आणि माझी एखादी नक्कल तुम्ही कुणा बाळंतिणीला पाठवली असेल, तर आत्ताच्या आत्ता तिला फोन लावा. बाळ दूध नीट ओढतंय ना, एवढं विचारा.