दहाने गुणायचं राहिलं

ज्या वर्षी ससुलीचा फोटो कॉलेजच्या दारातल्या फलकावर लागला, त्याच वर्षी तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

ससुली हे वसतिगृहानं ठेवलेलं नाव. दार आपटलं तरी दचकायची, म्हणून. तिच्या खोलीतली सोबतीण म्हणजे काकू. वय एकोणीस, बोलणं साठीचं. दोघी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या सत्रात त्यांनी आसपासच्या चौदा बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते तपासलं आणि विद्यापीठाच्या प्रकल्प स्पर्धेत पहिल्या आल्या. ससुलीच्या आईनं फोनवर दोनदा विचारलं, पहिलाच ना नंबर? मग शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा विचारलं.

ज्यांच्या बोअरचं पाणी चांगलं निघालं, त्यांना विभागाच्या शिक्क्याचा दाखला दिला गेला. मागच्या गल्लीत पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी तर तो चौकटीत बसवून भिंतीवर टांगला. तोवर त्या बाळांच्या दुधाच्या पावडरीसाठी विकतचं पाणी आणत. दाखला मिळाला आणि त्यांनी बोअरचं सुरू केलं.

दुसऱ्या सत्रात वार्षिकांकासाठी प्रकल्पाचे तक्ते हवे होते. ससुली दुपारी ग्रंथालयात कच्ची वही उघडून बसली. अकराव्या नमुन्यासमोर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘दहा पट पातळ केला.’ नमुन्याचा रंग फार गडद आला की शुद्ध पाणी घालून तो पातळ करायचा, यंत्रात आकडा घ्यायचा आणि शेवटी त्याला दहाने गुणायचं. पक्क्या तक्त्यात आकडा होता नऊ पूर्णांक चार. म्हणजे गुणायचं राहूनच गेलं होतं. खरा आकडा चौऱ्याण्णव, आणि पिण्याच्या पाण्याला मर्यादा पंचेचाळीसची.

अकरावा नमुना पाळणाघराचा होता.

तिला तो दिवस लख्ख आठवला. क्रीडा महोत्सव होता, काकू रिलेत धावायला गेली होती, आणि शेवटची फेरी चुकू नये म्हणून हिनं घाईघाईत आकडे उतरवून प्रयोगशाळेला कुलूप लावलं होतं. असं पाणी पोटात गेलं की तान्ह्या बाळांच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही, ओठ निळे पडतात, हे तिनंच प्रकल्पाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं. त्या वाक्याचं परीक्षकांनी कौतुक केलं होतं.

तिनं काकूला वही दाखवली. काकूचाही चेहरा उतरला. पण परीक्षा आठ दिवसांवर आली होती. आधी गुपचूप पुन्हा तपासू, मग सांगू, असं तिचं म्हणणं पडलं. ससुलीनं मान डोलावली आणि दोन दिवस ते पोटात ठेवलं. कोणी नुसती हाक मारली तरी तिला वाटायचं, कळलं सगळ्यांना. फलकासमोरून जायला नको म्हणून ती मागच्या फाटकानं यायची, आणि मागच्या फाटकासमोरच पाळणाघर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली. ताईंच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ होतं, हातात भरलेली बाटली. दोन दिवस मलूल आहे, दात येत असतील, असं ताई म्हणाल्या. ससुली बाळाच्या ओठांकडे बघत राहिली. ते निळसर होते की खोलीत उजेड कमी होता, तिला ठरवता येईना. काहीतरी सबब सांगून पळावं असं फार वाटलं. मग तिनं ताईंच्या हातातली बाटली काढूनच घेतली.

“हे नका पाजू. माझा आकडा चुकलाय. हे पाणी बाळांना चालत नाही.”

“अगं, मी उकळून देते.”

“उकळून नायट्रेट आणखी वाढतं, ताई.”

तिथून ती धावत विभागप्रमुख मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, बाळं किती? चार, ती म्हणाली. मॅडमनी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

तिघांना काही झालं नव्हतं. चौथ्याला, त्या मलूल बाळाला, दवाखान्यात ठेवून घेतलं. ससुली बाहेरच्या बाकावर बसली. मनात सतरा कारणं जुळवत होती. बाळाचे वडील बसचालक होते, ते गणवेशातच आले.

“तुमचा शिक्का बघून मी रोज निर्धास्त कामावर जायचो,” ते म्हणाले.

सतरातलं एकही कारण तिच्या तोंडून निघालं नाही. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “माझी जोडीदार त्या दिवशी तिथे नव्हती.”

ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाळाला घेऊन बाहेर आले, तिच्याकडे बघून “बरा आहे” एवढंच म्हणाले आणि गेले.

फेरतपासणीत आकडा पंच्याण्णव आला. शेजारच्या इमारतीची मैल्याची टाकी झिरपत होती. विद्यापीठाला पत्र ससुलीनं स्वतः लिहिलं. पारितोषिक परत गेलं, फोटो उतरला. काकू चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवणाचं ताट पुढ्यात सरकवून म्हणाली, “जेव. उपाशीपोटी दहाचा पाढा आठवत नाही.”

स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी वर्षभराचं यश वाचून दाखवलं. रिले, नाटक, वक्तृत्व. मग रसायनशास्त्राचं नाव आलं. विभागानं चौदाही बोअरची फेरतपासणी केली, असं एक वाक्य आलं आणि यादी पुढे सरकली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ताई नव्या नळजोडणीचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. ससुलीनं मॅडमचं नाव सुचवून पाहिलं. ताई म्हणाल्या, मॅडमना विचारूनच आलेय, तू कर. तिनं तीनदा तपासलं, काकूनं वेगळं तपासलं. आकडा चार आला. ताईंना कागद सहीनिशी हवा होता. ससुलीनं पेन उचललं, परत ठेवलं, वहीतला आकडा पुन्हा वाचला, आणि मग सही केली.