थोरल्याचा पाय

थोरला गेल्यापासून त्याची गाडी वस्तादच्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात राखाडी आच्छादनाखाली उभी होती. दर रविवारी सकाळी धाकटा तिथे जाई, आच्छादन दरवाज्यापुरते वर सारी आणि आत बसून येई. सुरू मात्र त्याने ती एकदाही केली नव्हती. आत शिरल्यावर छतातला दिवा लागत नसे. बल्ब गेला असेल, असे त्याने गृहीत धरले होते. थोरला उंच होता, त्यामुळे सीट पार मागे सरकवलेली होती. धाकट्याचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोहोचत. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीवरचे ग्रीसचे ठसे पाहत बसे आणि काही वाटते आहे का, याची वाट पाहत असे.

वाटत काहीच नव्हते. थोरला ऑफिसात लिफ्टची वाट पाहत उभा असताना कोसळला. आयुष्यभर ज्याला कुणी एका जागी स्वस्थ उभे राहिलेले पाहिले नव्हते, तो उभ्या उभ्या गेला. त्या दिवसापासून धाकट्याच्या आत कुणीतरी मेन स्विच खाली ओढून ठेवल्यासारखे झाले होते. तो आल्यागेल्यांना पाणी देत होता, दाखल्यांसाठी रांगेत उभा राहत होता, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत होता. लोक म्हणत, पोरगा खंबीर आहे हो. आपण खंबीर नाही, फक्त बंद आहोत, हे त्याला नीट ठाऊक होते.

एवढ्या सगळ्यात त्याने एकच गोष्ट जपून ठेवली होती. थोरल्याने एकदा बॉनेटवर थाप मारून त्याला सांगितले होते, "हिच्या मेंदूला माझा पाय पाठ आहे. मी ॲक्सिलरेटर कसा दाबतो, कुठे सोडतो, सगळं शिकून बसलीय. दुसरा कुणी बसला की पहिले काही किलोमीटर ती मलाच शोधते." धाकट्याला ते पटले होते. म्हणजे थोरल्याचा पाय अजून त्या पत्र्याखाली कुठेतरी शाबूत होता. पण तो एकदाच भेटण्यासारखा होता, कारण धाकट्याने गाडी चालवायला घेतली की ती हळूहळू त्याचा पाय शिकणार आणि थोरल्याचा पुसणार. त्या एका फेरीत आपल्याला रडू येईल, अशी त्याची समजूत होती. म्हणून ती फेरी तो पुढे ढकलत राहिला होता.

आज मात्र ढकलता येणार नव्हती. थोरल्याचा शर्यतीतला जोडीदार टर्बो याने गाडी मागितली होती. पुढच्या रविवारी पुलापर्यंतच्या सरळ रस्त्यावर त्यांची मंडळी धावणार होती आणि थोरल्याच्या नावाने त्याची गाडी धावावी, असे सगळ्यांच्या मनात होते. धाकट्याने आज उत्तर देतो म्हणून सांगितले होते. त्याचे ठरलेही होते: आधी आपली एक फेरी, मग किल्ली टर्बोच्या हातात.

तो पोहोचला तेव्हा गॅरेजच्या दारात नेहमीची मैफल रंगली होती. वस्ताद उलट्या केलेल्या डब्यावर बसून प्लग घासत होता. टर्बो आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून हातवारे करत होता. त्याच्यासमोर डबल बॅटरी उभा होता. जाड चष्म्यामुळे हे नाव त्याला शाळेतच चिकटले होते आणि गेल्या वर्षी त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून ते त्याला अंगावरच्या कपड्यांपेक्षाही जास्त शोभू लागले होते.

"अरे, तुझी गाडी आहे की मिक्सर?" टर्बो म्हणत होता. "मिक्सर तरी आवाज करतो!"

"सिग्नल सुटला की कळतं मिक्सर कोण ते," डबल बॅटरी शांतपणे चष्मा पुसत म्हणाला. "तुझा टर्बो हवा भरून घेईपर्यंत मी पुलावर उतरून फोटो काढत असतो."

"आणि मग चार्जिंगला लावून तिथेच झोपतोस."

"झोपतो ना. निवांत. तुझ्यासारखं पेट्रोल पंपावर तोंड पाडून उभं राहावं लागत नाही."

"वस्ताद, सांगा ना याला काहीतरी! इंजिनाच्या आवाजाशिवाय रेस म्हणजे काय रेस आहे?"

वस्तादने प्लग उजेडात धरला. "दोघांनाही सांगतो. त्या रस्त्यावर आता गतिरोधक टाकतायत. तेव्हा एकाचा सायलेन्सर निघणार आणि एकाच्या बॅटरीचा तळ फुटणार. मला दोन्हीकडून धंदा. धावा."

सगळे हसले. धाकट्याला पाहताच ते हसू दारातल्या कुत्र्यासारखे अंग चोरून बाजूला झाले.

"ये रे धाकल्या," वस्ताद उठला. "आज चालू करायची म्हणालास ना? बरं झालं. उभ्या गाडीचं इंजिन आतून आंबतं."

"एक फेरी मारून येतो. मग किल्ली याला देतो," धाकटा म्हणाला.

टर्बोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काहीतरी मोठे बोलायचे होते, पण तोंडातून निघाले ते एवढेच, "टायरमध्ये हवा बघून घे."

चौघांनी मिळून आच्छादन काढले. गाडी धुळीशिवाय, जशीच्या तशी होती. धाकटा सीटवर बसला, किल्ली फिरवली. काही झाले नाही. साधा टिक आवाजसुद्धा नाही.

"बॅटरी उतरली असणार," डबल बॅटरी म्हणाला.

"उतरेल कशी?" टर्बो खुशीत पुढे आला. "थांबा थांबा. बॉनेट उघडा."

वस्तादने बॉनेट उचलले. बॅटरीची एक वायर सोडवून, तिच्या तोंडाला स्वच्छ फडके गुंडाळून, रबरबँड लावून बाजूला ठेवलेली होती. बाळाच्या बोटाला पट्टी बांधावी इतक्या निगुतीने.

"मीच ठेवली होती," टर्बो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन. वस्ताद लेकीकडे गेले होते ना तेव्हा. म्हटलं, गाडी किती दिवस उभी राहील काय माहीत, बॅटरीचा जीव जायला नको. आता लावली की एका झटक्यात उठेल बघ."

 वस्तादने धाकट्याकडे पाहिले. डबल बॅटरीने चष्मा काढला आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागला.

"काय झालं?" टर्बोने विचारले. "उभ्या गाडीची वायर काढायचीच असते. कुणीही हेच केलं असतं."

"हो," वस्ताद म्हणाला. "मीही हेच केलं असतं."

धाकट्याला ते समजायला फार वेळ लागला नाही. वायर निघून वीज तुटली त्या क्षणी गाडीच्या मेंदूतले सगळे शिकलेले पुसले गेले होते. म्हणजे त्याने एवढे दिवस राखण केली ती रिकाम्या खोलीची. थोरल्याचा पाय थोरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी गेला होता, आणि जो घेऊन गेला त्याने तो मायेनेच नेला होता. रागाला येऊन बसायला जागाच नव्हती. धाकट्याने स्वतःच्या आत डोकावून पाहिले. तिथे नेहमीसारखेच काही नव्हते.

"बरं केलंस," तो टर्बोला म्हणाला.

टर्बोच्या चेहऱ्यावरचा उजेड तेवढ्यात कमी झाला. पाय शिकलेल्या गाडीची फुशारकी त्यानेही थोरल्याच्या तोंडून ऐकली होती. आता ती त्याला आठवली. "आयला," तो हळूच म्हणाला.

वस्तादने वायर जोडली. डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागले, घड्याळ शून्यावर लुकलुकू लागले, छतातला दिवाही लागला. "आता ऐक," तो धाकट्याला म्हणाला. "चालू कर, पण ॲक्सिलरेटरला पाय लावू नकोस. ती कोरी आहे. स्वतःच्या पायावर उभं राहायला तिला पहिल्यापासून शिकावं लागेल. मध्ये कुणी काही करायचं नाही. दार आपटायचं नाही, दिवे लावायचे नाहीत."

इंजिन सुरू झाले. आवाज वर गेला, खाली आला, गुदमरला, पुन्हा वर गेला. आंधळ्याने अनोळखी घरात भिंत चाचपडावी तसे ते चाचपडत होते. तिघेही उघड्या बॉनेटभोवती उभे राहिले.  टर्बोने हात मागे बांधले होते. डबल बॅटरीची मान खाली होती. थोरल्याच्या जाण्यानंतर ही मंडळी घरी आली होती तेव्हाही खालच्या आवाजात इंजिनांविषयीच बोलत बसली होती. गप्प अशी ती आज प्रथमच झाली. धाकटा खिडकीतून वाकून त्यांचे चेहरे पाहत राहिला. हळूहळू इंजिनाचा आवाज एका जागी स्थिरावला, तरी कुणी हलले नाही. मग वस्तादनेच बॉनेट अलगद टेकवले.

"थांबताना मरायला करेल," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "तेव्हा हलकासा पाय दे. दोन-चार दिवस चालव. जो चालवेल त्याची होईल."

टर्बो खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आला. "पुढच्या रविवारचं राहू दे," तो म्हणाला. "तूच चालव."

"मी हळू चालवतो रे."

"मग हळू शिकेल," टर्बो म्हणाला. त्याने नाक ओढले आणि स्वतःच्याच गाडीच्या टायरला उगाच लाथ मारली.

धाकट्याने सीटखालची दांडी ओढली. थोरल्याने सीट जिथे ठेवली होती तिथून ती खट्खट् करत पुढे सरकली आणि पेडल पायाखाली पुरते आले. तो गॅरेजबाहेर पडला. रस्त्यांवर नेहमीची वर्दळ होती. मागच्यांनी हॉर्न वाजवले, रिक्षाही त्याला मागे टाकून गेल्या. गाडी त्याला शोधत नव्हती, थोरल्यालाही शोधत नव्हती. ती फक्त सांगितलेले ऐकत होती.

घराच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. आवाज एकदम खाली गेला, इंजिन मरू लागले. वस्तादचे आठवून त्याने हलकासा पाय दिला. इंजिन एकदाच हुंकारले.

त्या वळणावर थोरला रोज असाच एकदा ॲक्सिलरेटर दाबायचा, मी आलो म्हणून. हे धाकट्याच्या लक्षात आले ते वहिनी दारात येऊन उभी राहिली तेव्हा. तिचे हात ओले होते. पदराला पुसायचे राहून गेले होते. गाडीत कोण आहे, हे तिला दिसले. ती मागे वळली नाही, पुढेही आली नाही.

त्याने गाडी दाराशी लावली आणि किल्लीला हात घातला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "लगेच बंद नका करू."

त्याने हात काढून मांडीवर ठेवला. इंजिन चालू राहिले. ब्रेकवर ठेवलेला आपला पाय थरथरतो आहे, असे त्याला दिसले. दुसऱ्याचा पाय पाहावा तसा तो त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.