दारावरचा निंब

माझ्या बायकोला, नलूला अग्नी देऊन आम्ही परतलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माझी मुलगी दीपमाला दारात पाण्याची बादली आणि निंबाची डहाळी घेऊन उभी होती. आमच्या आर्णीकडे मसणातून आलेला माणूस पाय धुतो, निंबाचं पान चावतो आणि मगच उंबरा ओलांडतो. आधी मी, मग बाकीचे. मी पाय धुतले. पान घेतलं नाही.

"भाऊजी, चावा ना. लोकं उन्हात उभे हायत," माझा साळा वामनराव म्हणाला.

पाडव्यालाही मी निंब खात नसे. नलू हसायची. "फौजी माणूस अन् निंबाले भेते!" मी म्हणायचो, कडू लागते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दरसाल तेच म्हणालो.

"काहून, बाबा?" दीपमालाने विचारलं.

मग मी तिथेच, उभ्याउभ्या सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी साली आमची तुकडी श्रीलंकेत, जाफन्याकडे होती. शांतता राखायला पाठवलं होतं. पण गाव त्यांचं आणि बंदुका आमच्या. आदल्या दिवशी चकमक झाली होती. एका घराच्या दारावर मला निंबाची डहाळी दिसली. वाटलं, आमच्याकडच्यासारखेच हे आत्ताच कोणाला तरी जाळून आलेत, मेलेला बंडखोर यांचाच. मी साहेबांना तसं सांगितलं. आम्ही घरात घुसलो. "मेलं कोण?" असं बापाला खुणेनं विचारलं. तो नुसती मान हलवत राहिला. लपवतो म्हणून त्याला बांधून छावणीत नेलं, मारलं. मीही मारलं.

सकाळी गावच्या बाया छावणीसमोर रस्त्यावर येऊन बसल्या. प्रत्येकीच्या हातात निंब. गाड्या अडल्या. हवेत गोळ्या झाडल्या, तरी एकही उठली नाही. मग तमिळ येणाऱ्या एका शिपायाने त्यांना विचारलं. त्या घरच्या पोरीला माता आली होती. कांजिण्या. तिकडे माता आली की दारावर निंब लावतात. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात.

दोन दिवस त्या बसून राहिल्या, तेव्हा कुठे बापाला सोडलं. त्याला चालता येत नव्हतं. बायांनीच उचलून नेलं. पोरगी वाचली का, ते मला कळलं नाही.

वामनराव खाली बघत होता.

"आईले सांगतलं होतं काय?" दीपमालाने विचारलं.

"नाही. तिनं किती डाव विचारलं."

दीपमालाने डोळे पुसले आणि डहाळी पुढे केली. "मंग घ्या. आत चला. तिच्या दिव्यापाशी सांगा."

मी पान तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. आत गेलो. नलूला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावलेला होता. मी त्याच्यासमोर बसलो.

"नलू," मी म्हणालो, "त्या घरी कोणीच मेलं नव्हतं."